पावतीच्या आधीचा वेळ

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाच्या सेवा केंद्रात काय किंवा मुरबाडला तहसीलबाहेर काय, अर्ज अडला की उत्तर ठरलेलं: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ यामागे डोंगराआड गेलेली रेंज असेल, राज्याचं पोर्टल असेल, त्यामागचा डेटाबेस असेल किंवा आधारची पडताळणी. नेमकं कुठं अडलंय, ते केंद्रचालकालाही दिसत नाही.

2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम दाखल्याला मुदत घालतो, अपिलाची सोय करतो, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडही सांगतो. पण त्याचं घड्याळ परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर चालू होतं. पान फिरत राहिलं, ओटीपी आलाच नाही, तर तो वेळ कोणाच्याच खात्यावर पडत नाही. वाडीवरून आलेल्या बाईची मजुरी बुडते ती याच वेळात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली, राज्यभरातून संकेतस्थळाच्या आणि ओटीपीच्या तक्रारी आल्या, मुदत आधी 18 नोव्हेंबर होती, ती मग 31 डिसेंबर झाली. मुदतवाढ योग्यच होती. यंत्रणा कुठं गुदमरली ते मात्र तिनं कळत नाही.

तेव्हा प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ नोंदवा, ही मागणी रास्त आहे. फक्त सरासरी नको. शंभरातले नव्वद अर्ज 2 सेकंदांत आणि दहा 60 सेकंदांत गेले, तर सरासरी 8 सेकंदांच्या आत येते आणि अहवाल छान दिसतो. त्या दहांचं काय झालं, हे विचारायला, लागलेल्या वेळेच्या चढत्या क्रमानं लावलेल्या शंभरातला पंच्याण्णवावा अर्ज किती रखडला तो आकडा लागतो.

यंत्रणा चालवणाऱ्यांची अडचणही खोटी नाही. बारीकसारीक नोंद म्हणजे आधीच दमलेल्या सर्व्हरवर आणखी लिखाण. त्यावर तोड आहे: रखडलेली प्रत्येक विनंती नोंदवायची, सुरळीत गेलेल्यांपैकी शंभरात एखादी. त्याहून गंभीर हरकत खासगीपणाची. नोंदवहीत आधार आणि मोबाइल क्रमांक उतरले, तर संथपणा शोधता शोधता माहितीच गळायची. वेळ मोजायला माणसाचं नाव लागत नाही. टप्पा, तालुका आणि सेकंद पुरेत. बाकी, ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतातच. तो हुकूम सुरक्षेसाठी आहे, पण नोंदी ठेवणं जमतच नाही ही सबब त्यामुळे उरत नाही.

एक आंधळी जागा तरीही राहते. म्हशाहून निघालेली विनंती मुंबईच्या सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, तर तिथल्या नोंदीत ती जन्मालाच येत नाही. सर्व्हर शंभर टक्के तंदुरुस्त दिसतो. म्हणून मोजणी केंद्रातल्या संगणकावरूनही हवी. यात धोका असा, की मग सगळं खापर रेंजवर किंवा केंद्रचालकावर फुटेल. तो पत्करावा असं मला वाटतं, एका अटीवर: दोन्ही टोकांचे आकडे तालुकानिहाय, शेजारी शेजारी आणि दर आठवड्याला जाहीर व्हावेत. आणि अर्ज अडला तर केंद्रानं तारीख-वेळ असलेली अपयशाची पावती द्यावी. अपिलात ती पुरावा धरायची की नाही, हे लोकसेवा हक्क आयोगानं ठरवावं.