हिरवा ठिपका म्हणजे घट्ट माती नव्हे

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली ती एका एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या फेरीला तो गेला आणि गाव जागेवर दिसेना. दीडशेहून जास्त माणसं त्या चिखलात गेली. उपग्रह तेव्हाही डोक्यावरून फिरत होते. नंतर २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळीये गेलं, २०२३ च्या जुलैत खालापूरजवळची इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं त्या वेळी सरकारनंच विधिमंडळात सांगितलं.

यादी कुठून येते? नकाशावरून. आणि नकाशा कोण बनवतं? तर दोस्तांनो, आता बऱ्याच प्रमाणात तुम्हीच. भूगोल, भूशास्त्र, पर्यावरण, सिव्हिल, कृषी, कुठल्याही शाखेच्या शेवटच्या वर्षाला विचारा. सह्याद्रीतल्या एखाद्या नदीखोऱ्यातली ‘मातीची धूप आणि तिचा धोका’ हा प्रोजेक्टचा लाडका विषय झालाय. कारण सगळं फुकट मिळतं. लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून सगळ्यांना खुल्या आहेत, युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटरची प्रतिमा साधारण दर पाच दिवसांनी मिळते, इस्रोचं ‘भुवन’ आहे, क्यूजीआयएस मोफत आहे. लॅपटॉप गरम होईस्तोवर बसलात की संध्याकाळपर्यंत लाल-पिवळा-हिरवा नकाशा तयार. सादरीकरणात तो छान दिसतो. मार्कही मिळतात.

आमची तक्रार त्या नकाशावर नाही, त्याच्यावर डोळे मिटून ठेवलेल्या भरवशावर आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. दरड आणि धूप एक नव्हे. दरडीत डोंगराचा अख्खा तुकडा सुटून येतो. धूप म्हणजे थेंबाथेंबानं, ओघळाओघळानं वरचा थर निघून जाणं. तिचा आवाज येत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही. हिशेब मात्र करून बघा. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर ती होते १० घनमीटर, म्हणजे साधारण १२-१३ टन. शेताला दरवर्षी सोसवेल अशी धुपीची वरची मर्यादा शास्त्रज्ञ हेक्टरी ११ टनांच्या आसपास मानतात. म्हणजे नखाएवढी जाडीसुद्धा नाही, आणि तेवढी माती तयार व्हायला मात्र कित्येक वर्षं लागतात. देशभरात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, असा अंदाज दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला होता. त्यातली जवळपास २९ टक्के थेट समुद्रात आणि १० टक्के धरणांच्या पोटात. आजही सगळे प्रबंध हेच आकडे उद्धृत करतात.

हे मोजायचं सूत्र मूळ अमेरिकेतलं. पावसाचा मारा, मातीचा कच्चेपणा, उताराची लांबी आणि तीव्रता, वरचं झाकण, आणि बांधबंदिस्ती. या पाच गोष्टींचा गुणाकार केला की हेक्टरी किती टन माती जाईल ते येतं. ‘आरयूएसएलई’ म्हणून ते तुमच्या पुस्तकात असेल. पण हे सूत्र ज्या प्रयोगांवर उभं आहे ती वाफ्यांची शेतं होती: २२.१३ मीटर लांबीचा पट्टा आणि ९ टक्के उतार. म्हणजे शंभर पावलं चाललात की नऊ पावलांची चढण. आता हे सूत्र ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या कड्याला लावा! उत्तरं शेकड्यांत येतात, कधी हजारांत. त्यातला टनांचा आकडा सोडून द्या. कुठला उतार कुठल्याहून जास्त धोक्यात, एवढंच त्यातून घ्या. खरं तर एवढंही पुष्कळ आहे.

पावसाचंही तसंच. सूत्राला हवा असतो अर्ध्या तासातला पावसाचा सर्वात मोठा जोर. आपण भरतो वर्षाची बेरीज, तीसुद्धा हवामान खात्याच्या पाव अंशाच्या, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या चौकटीतली. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर अंतर. एकीकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, दुसरीकडे हजाराच्या आत. एका चौकटीची सरासरी काढली की दोन्ही गावांवर अन्याय. शिवाय २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस वर्षाच्या बेरजेत कुठे हरवतो ते कळतसुद्धा नाही.

पण खरी गंमत आहे ती झाकणाच्या आकड्यात. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा नकाशा बहुतेक वेळा इथेच घसरतो. पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत पाठवतं. या दोहोंच्या फरकावरून ‘एनडीव्हीआय’ काढायचा: जितका आकडा १ च्या जवळ, तितकी हिरवाई. जास्त हिरवाई म्हणजे जास्त झाकण, म्हणजे कमी धूप. ऐकायला सरळ वाटतं ना?

उपग्रहाला दिसतो तो झाडांचा माथा. माती धरून ठेवतो तो खालचा पालापाचोळा, झुडपं, गवत, मुळांचं जाळं. देवराईत दोन्ही असतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे डोंगर साफ करून लावलेल्या रबराच्या बागेत वरून सगळं हिरवंगार, खाली कित्येकदा झाडलेलं अंगण. सागाच्या लागवडीत तर उलटंच होतं. त्या सुपाएवढ्या पानावर पाणी गोळा होतं आणि मोठाले थेंब होऊन उंचावरून खाली आपटतं. वणव्यानं पाचोळा जळलेला असेल तर त्या सागाखाली उघड्या माळापेक्षा जास्त माती उधळू शकते. उपग्रहाच्या लेखी मात्र देवराई, रबर आणि साग हे तिन्ही गडद हिरवे ठिपके. दाट झाडीत एनडीव्हीआय एका मर्यादेनंतर वाढायचाच थांबतो, त्यामुळे हा फरक आकड्यातून शोधायला गेलात तरी सापडत नाही.

म्हणून कुणी असा नकाशा दाखवला की एकच प्रश्न विचारा: प्रतिमा कोणत्या महिन्याची? पावसाळ्यात कोकणावर ढग, स्वच्छ प्रतिमा मिळणं मुश्कील. मग आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरची घेतो, सगळं न्हालेलं, हिरवं. पण मातीवर पहिला मारा होतो तो जूनमध्ये, तेव्हा गवत वाळलेलं किंवा जळालेलं असतं. एप्रिलची घ्यावी तर पानगळीचं जंगल उघडं दिसतं, आणि त्याखाली पडलेला पाचोळ्याचा जाड थर सुकलेला असल्यामुळे हिशेबातच येत नाही. एका महिन्याच्या प्रतिमेवर भागत नाही. निदान एप्रिल आणि नोव्हेंबर दोन्ही घ्या आणि वणव्याचे डाग वेगळे काढा.

उताराचीही एक खोड सांगून टाकतो. सगळे वापरतात तो उंचीचा आराखडा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत रडारनं घेतलेला. ३० मीटरचा ठिपका. दाट रानात ते रडार जमिनीपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणजे काही ठिकाणी तुम्ही मोजताय तो झाडांच्या शेंड्यांचा उतार. आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत जेसीबीनं कापलेले रस्ते, सपाट केलेले प्लॉट, यांतलं काहीच त्यात नाही. गेल्या वर्षी ३० जुलैलाच, माळीणच्या तारखेला, इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह उडाला. त्याचं एक रडार ढगांतून आणि बरंचसं पानांतूनही पार जातं. त्यानं पुष्कळ सुधारेल. सगळं नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्रोजेक्टच आहे, एवढं काय? एवढं असं, की नकाशा दोषी ठरवतो. वरकस जमिनीवर नाचणी-वरई करणाऱ्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी शेतकऱ्याचा तुकडा मे महिन्यात उघडा असतो, तो लाल दिसणार. त्यानं घातलेली दगडांची ताल दोन हात रुंद, ती १० मीटरच्या ठिपक्यात दिसत नाही. बांधबंदिस्तीच्या रकान्यात आपण सरसकट ‘१’ भरतो, म्हणजे ‘काही केलेलं नाही’. पलीकडच्या टेकडीवर कापून काढलेल्या फार्महाऊसची लॉन मात्र हिरवी. मग अहवालात ओळ येते: डोंगरउतारावरची पारंपरिक शेती धुपीला जबाबदार. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात, २०२४ च्या सहाव्या मसुद्यात, महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. त्यातल्या कित्येक गावांनी विरोध केला. आमच्या मते घाट वाचायलाच हवा आणि ते क्षेत्र जाहीर व्हायलाच हवं. पण ज्या गावाला नकाशा आधी दाखवलाच नाही, ते गाव त्यावर विश्वास का ठेवील?

तेव्हा या वर्षी नकाशा कराल तर तो घेऊन जमिनीवर जा. नकाशावरच्या लाल, पिवळ्या, हिरव्या प्रत्येक रंगातल्या तीन-चार जागा निवडा, शेत असेल तर मालकाला विचारून आणि जंगल असेल तर वनखात्याची परवानगी काढून. मे अखेरीस बोटाएवढ्या जाडीच्या, दोन फुटी लोखंडी सळया उतारावर ओळीनं ठोका, १० सेंटिमीटर वर राहू द्या. ऑक्टोबरात परत या आणि किती उघड्या पडल्या ते मोजा. काही ठिकाणी माती साठून सळई बुडालेली असेल, तेही लिहा. दरम्यान मुसळधारीत डोंगरात जाऊ नका. त्या दिवसांत गावातल्या शाळेतल्या मुलांनी ओढ्याचं पाणी बाटलीत भरून ठेवलं आणि तळाशी किती गाळ बसला ते पट्टीनं मोजलं तरी चालतं. एका पावसाळ्यानं काही सिद्ध होत नाही, हे खरं. म्हणून सळया तिथेच ठेवा आणि जागेची नोंद ज्युनियर बॅचकडे द्या.

विद्यापीठांकडे आमचं मागणं एकच आहे. अशा प्रोजेक्टला जमिनीवरच्या मोजणीशिवाय पूर्ण मार्क देऊ नका. आणि तयार नकाशा विभागाच्या कपाटात ठेवण्याऐवजी त्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मराठीत, ओढ्यांची आणि वाड्यांची तिथली नावं घालून लावा. खाली पेन बांधलेलं असू द्या. चूक कुठे आहे ते गावकरी त्यावरच लिहितील.