जिंकलेल्याचा खर्च कोणी सोसायचा?

कुंभकोणमनजीकचे दारासुरम् हे गाव बाराव्या शतकातील ऐरावतेश्वर मंदिरासाठी विख्यात आहे. पूर्वी तंजावरच्या मराठी राज्यात मोडणाऱ्या या गावाची दुसरी ओळख म्हणजे तेथील रेशमाचे हातमाग. अशा एखाद्या विणकराचे साठ हजार रुपये व्यापाऱ्याने थकवले, अशी कल्पना करावी. विणकर दिवाणी दावा लावतो. न्यायालय शुल्क, वकिलाची फी, टंकलेखन आणि प्रत्येक तारखेला बंद राहणारा माग! काही वर्षांनी निकाल येतो : दावा मंजूर, खर्च ज्याचा त्याने सोसावा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अशाच निकालांनी जिवंत ठेवली आहे.

वस्तुतः कायदा विणकराच्या बाजूचा आहे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ खर्चाचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोपवते. मात्र हरणाऱ्यावर खर्च बसवायचा नसेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असेही बजावते. सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणखी स्पष्ट केले, की जिंकणाऱ्याला प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मिळावा आणि त्यात त्याचा वेळ, प्रवास व मुक्कामही धरावा. तथापि जाणूनबुजून केलेल्या खोट्या दाव्याबद्दल वा बचावाबद्दल कलम ३५-अ अन्वये द्यावयाची भरपाई १९७६च्या दुरुस्तीनुसार तीन हजार रुपयांपुढे जात नाही. एवढ्या रकमेची धास्ती कोणता व्यापारी घेईल?

२०१५च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढली आणि हरणाऱ्याने खर्च द्यावा, हा सर्वसाधारण नियम घालून दिला. पण २०१८च्या दुरुस्तीनंतरही तो तीन लाख व त्यावरील वादांनाच लागू आहे. ज्याला खर्चाची झळ अधिक, तो साठ हजारांचा विणकर दाराबाहेरच राहिला.

प्रामाणिकपणे भांडून हरलेल्या गरिबाचे काय, हा आक्षेप खराच आहे आणि त्याच्यासाठी न्यायालयाचा विवेक राहिलाच पाहिजे. परंतु थकबाकीदाराला दया दाखवणे म्हणजे विणकराच्या पैशावर त्याला स्वस्त कर्ज देणे होय. बँकेच्या ग्राहकाला हे गणित सांगायला नको. कलम ३५ मधील अधिकार वापरण्यास नव्या कायद्याची गरज नाही. पक्षकारानेही पावत्या जपाव्यात आणि निकालापूर्वी खर्चाचे तपशीलवार टिपण दाखल करण्याचा आग्रह आपल्या वकिलाकडे धरावा. समोर हिशेबच नसेल, तर न्यायाधीशांनी तरी मंजूर काय करायचे?