पट्टा एक, वेतने दोन

चंद्रपूर जिल्ह्यातील खाणींत कोळसा वाहकपट्ट्यावरून पुढे सरकतो आणि औष्णिक वीजकेंद्राच्या आवारात आल्यावर पुन्हा वाहकपट्ट्यांवरूनच क्रशरमार्गे बॉयलरच्या बंकरपर्यंत चढतो. दोन्ही ठिकाणी पट्ट्याशी उभ्या असलेल्या ऑपरेटरचे काम एकच असते. पट्टा एका बाजूला सरकत नाही ना, कोठे फाटला नाही ना, रोलर अडकला नाही ना, यावर त्याला आठही तास डोळा ठेवावा लागतो आणि प्रसंग पडल्यास दोर ओढून पट्टा थांबवावा लागतो. धूळ तीच, रात्रपाळी तीच आणि चंद्रपूरचा उन्हाळाही तोच. निराळे असते ते महिनाअखेरीस हाती पडणारे वेतन.

खाणीतील कायम ऑपरेटरचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने ठरते. मे २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या करारात किमान १९ टक्के वाढीची हमी मिळाली आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू झाली. हे कोणाच्या औदार्याने घडलेले नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणकामगार देशभर संघटितपणे वाटाघाटींना बसू शकला, त्याचे हे फळ आहे. औष्णिक केंद्रांतील कायम कर्मचाऱ्यालाही वेतनकराराचे संरक्षण आहे. परंतु कोळसा हाताळणीची कामे निविदा काढून कंत्राटदारांकडे सोपविण्याची प्रथा तेथे रूढ झाली आहे आणि खाणींतही कंत्राटी पद्धत फोफावली आहे. निविदेत सर्वांत कमी बोलीला काम मिळते. यंत्राच्या सुट्या भागांची किंमत कंत्राटदाराला कमी करता येत नाही. त्याला कमी करता येते ती माणसाची मजुरी. म्हणून कंत्राटी ऑपरेटरचे वेतन किमान वेतनाच्या दराभोवतीच घुटमळत राहते. कंत्राट बदलले की मालकाचे नाव बदलते, पट्ट्याशी उभा असलेला माणूस मात्र तोच राहतो. वर्षानुवर्षे काम करूनही कागदोपत्री तो पुनःपुन्हा नवा ठरतो. ज्येष्ठता गेली आणि सलग सेवेवर अवलंबून असलेली ग्रॅच्युइटीही धोक्यात आली.

या किमान वेतनात कुटुंब जगते काय, हा खरा प्रश्न आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाची कसोटी घालून दिली होती: कामगार, पत्नी व दोन मुले मिळून तीन उपभोग एकके, प्रत्येकी २,७०० कॅलरींचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ व म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. या कसोटीतही म्हाताऱ्या आईवडिलांचे ताट नाही, हे विसरता येत नाही. घरभाड्याची गोष्ट तर आणखी उद्बोधक आहे. केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेतन नियमांच्या मसुद्यात भाडे धरले ते अन्नवस्त्रावरील खर्चाच्या अवघे १० टक्के. कायम कर्मचाऱ्यासाठी वसाहत असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला एवढ्यात छप्पर कोठे मिळते, हे मसुदाकारांनीच दाखवून द्यावे.

महागाई मोजण्याच्या मापातही असाच खोट आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक मूल्य निर्देशांकाचे पायाभूत वर्ष २०२० मध्ये २००१ वरून २०१६ वर नेण्यात आले, तेव्हा अन्नगटाचा भार ४६.२० वरून ३९.१७ टक्क्यांवर आला. कामगार कुटुंबांच्या सरासरी खर्चाचा तो आकडा असेलही; पण सरासरीच्या तळाशी असलेल्या घरात मिळकतीचा मोठा वाटा आजही धान्य, तेल, डाळ आणि भाजी यांवरच जातो. डाळ कडाडली की त्याच्या घरात पडणारा खड्डा निर्देशांकात पुरता उमटत नाही आणि निर्देशांकावर बेतलेला भत्ता तो खड्डा भरून काढू शकत नाही.

कायद्याचा आधारही डळमळीत झाला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांत समान कामाला समान वेतनाचे तत्त्व होते, पण ते कंत्राटी कामगाराच्या दाराशी क्वचितच पोहोचले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमण्यास तिच्यात मनाई आहे. मात्र जे काम एरवी कंत्राटदाराकडूनच करून घेतले जाते, त्याला सूट आहे. म्हणजे मालकाने आधी कंत्राटी प्रथा पाडावी आणि मग त्याच प्रथेचा दाखला देऊन सूट मागावी! कोळशावाचून बॉयलर नाही आणि पट्ट्यावाचून कोळसा नाही. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रात पट्ट्याचे काम मुख्य नव्हे असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने एक पाळी पट्टा बंद ठेवून पाहावे.

वेतन वाढविल्यास वीज महागेल, हा बागुलबुवा दाखविला जाईल. औष्णिक विजेच्या खर्चात सिंहाचा वाटा कोळसा व त्याची वाहतूक यांचा आणि त्याखालोखाल भांडवली खर्चाचा असतो. कोळसा महागला तर वाढीव दर निमूटपणे ग्राहकाच्या बिलात चढतो. काटकसरीची आठवण नेमकी मजुरीच्या वेळीच का व्हावी?

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस आणि नाशिक येथील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न वेतनवाढीच्या एका आकड्यापुरता मर्यादित ठेवू नये. पट्ट्याचे काम मुख्य काम ठरले पाहिजे, समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे, कंत्राट बदलले तरी सेवा अखंड धरली पाहिजे आणि वेतनाचा हिशेब त्या त्या गावच्या बाजारभावाने झाला पाहिजे. त्यासाठी कायम व कंत्राटी कामगारांनी एकाच संघटनेत बसणे ही पहिली अट आहे. आज कायम असलेल्याची जागा उद्या निवृत्तीनंतर कंत्राटी होते, हे कायम कामगाराने ओळखले नाही, तर पट्टा चालत राहील आणि त्यावरून कोळशाबरोबर त्याचा करारही वाहून जाईल.