पिसांची रजई : धुणं सोपं, वाळवणं अवघड

थंडी सरली की रजया धुऊन माळ्यावर टाकायची आपल्याला घाई होते. कापसाची दुलई बसली, तर पिंजाऱ्याकडून पिंजून घेता येते. पण घरात डाउनची, म्हणजे पिसांची रजई किंवा उशी असेल, तर जरा थांबा. मळापेक्षा आत राहिलेली ओलच तिचं जास्त नुकसान करते.

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या छाती-पोटावरची, कडक काडी नसलेली मऊ पिसं. त्यांच्यात हवा अडकून राहते, म्हणून रजई हलकी असूनही उबदार वाटते. भिजली की पिसं चिकटून गोळे होतात. कापड वरून कोरडं लागतं, आतला गोळा मात्र ओलाच असतो. मग कुबट वास आणि बुरशी आलीच.

सारखी धुऊ नका

रजईला सुती खोळ घाला आणि दर एक-दोन आठवड्यांनी खोळच धुवा. रजई अधूनमधून झटकून वाऱ्यावर टाका. चहा सांडला, तर आतली पिसं बाजूला सारा, डागापुरतं कापड चिमटीत धरून तेवढंच धुवा.

धुवायचीच असेल तर

- आधी लेबल वाचा आणि उसवलेली शिवण शिवून घ्या.
- रजई फ्रंट लोड मशीनमध्ये सैल फिरायला हवी. मावत नसेल, तर मोठं मशीन असलेल्या लाँड्रीत द्या.
- सौम्य लिक्विड डिटर्जंट नेहमीपेक्षा कमी घ्या. लेबलवर वेगळं सांगितलं नसेल, तर ३० अंशांवर नाजूक कपड्यांची सायकल लावा. ब्लीच आणि फॅब्रिक कंडिशनर नको.
- साबण राहू नये म्हणून दोनदा खंगाळा.
- ओली रजई एका टोकाला धरून उचलू नका. पाण्याच्या वजनाने आतली शिवण फाटते. दोन्ही हातांवर पेलून काढा.

खरं काम पुढे आहे

ड्रायर असेल, तर कमी उष्णतेवर २-३ स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून गोळे हाताने मोकळे करा. याला काही तास लागतात. ड्रायर नसेल, तर खाटेवर आडवी पसरा आणि उलटसुलट करत राहा. दोन-तीन दिवसही लागू शकतात, म्हणून पावसाळ्यात हा घाट घालू नका.

वाळली की नाही, हे कसं ओळखाल? धुण्याआधी रजईचं वजन करून ठेवा. वाळल्यावर काटा त्याच्या पुढे गेला, तर आत अजून पाणी आहे.

ठेवताना प्लॅस्टिकची किंवा हवा काढायची पिशवी टाळा, जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळा. मुंबई, कोची, कोलकात्यासारख्या दमट शहरांत राहत असाल, तर पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी तिला हवा द्या. एवढं जपलंत, तर पुढच्या थंडीत रजई उघडताना नाक मुरडावं लागणार नाही.