माहेरी परकी झालेली मोटारसायकल

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुडगाव मागे पडून मानेसर यायच्या आधी एक चौक लागतो. त्याचं नाव हीरो होंडा चौक. हीरो आणि होंडा यांची भागीदारी मोडल्याचं डिसेंबर २०१० मध्ये जाहीर झालं आणि २०११ मध्ये कंपनीचं नाव बदलून हीरो मोटोकॉर्प झालं. चौकाचा घटस्फोट मात्र झाला नाही. रिक्षावाला, बसचा कंडक्टर, पावसाळ्यात तिथे तुंबलेल्या पाण्यात अडकलेला चाकरमानी, सगळे अजून जोडनावच घेतात. गावाचं नाव २०१६ मध्ये गुरुग्राम झालं, तरी लोक गुडगावच म्हणतात, तसंच हे.

या चौकाच्या पुढे, मानेसरला, आमची एक भाची राहते. माहेर मिरजेचं, सासर सांगलीचं. जावईबापू तिथल्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे आयएमटीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. दीड वर्षापूर्वी बिऱ्हाड हललं तेव्हा सामानाबरोबर एक मोटारसायकलही रेल्वेच्या पार्सलने मानेसरला पोहोचली. १९९६ च्या दिवाळीत सांगलीत घेतलेली हीरो होंडा स्प्लेंडर, नंबर अर्थातच एमएच १० चा. गाडी जावईबापूंच्या वडिलांची. आप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांनी तिच्यावरून हळदीचे नमुने नेले, दोन पोरांना दहावीच्या परीक्षेला सोडलं, गणपती आणला आणि विसर्जनालाही नेला. भाची सून होऊन आली तेव्हा तिला घर दाखवायच्या आधी आप्पांनी गाडी दाखवली, असं ती अजून सांगते.

आता त्या गाडीच्या जन्माची गोष्ट ऐका. हीरो होंडाची पहिली मोटारसायकल, सीडी १००, १९८५ मध्ये बाजारात आली ती धारूहेड्याच्या कारखान्यातून. हे धारूहेडा मानेसरच्या पुढे, त्याच हमरस्त्यावर. कंपनीचा दुसरा कारखाना गुडगावला १९९७ मध्ये सुरू झाला. म्हणजे १९९६ ची आप्पांची स्प्लेंडर धारूहेड्याचीच. तिथे जन्मली, सांगलीला दिली, तीस वर्षं नांदली आणि म्हातारपणी माहेरच्या वेशीपर्यंत परत आली. वेशीवर तिला सांगण्यात आलं, की बाई, तुला इथे राहता येणार नाही.

कारण मानेसर हे दिल्लीच्या राजधानी परिसरात, ज्याला एनसीआर म्हणतात त्यात येतं. या परिसरात पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोलची आणि दहा वर्षांहून जुनी डिझेलची गाडी रस्त्यावर चालवायला बंदी आहे. हरित लवादाने २०१४-१५ मध्ये ती घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. कागद गाजतात, विसरले जातात, पुन्हा गाजतात. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल न देण्याचा हुकूम निघाला आणि ओरड झाल्यावर दोन दिवसांत गुंडाळला गेला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं, तेव्हा जावईबापूंनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने खुलासा केला, की हे संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना. दुचाकींना बीएस-४ सरसकट लागू झालं १ एप्रिल २०१७ रोजी. आता तुम्हीच हिशेब करा, की पंधरा वर्षं पुरी झालेली कोणती मोटारसायकल या संरक्षणाखाली बसेल?

तर भाचीचा फोन आला. "मामा, नवी गाडी घ्यायचीय आणि घरात दोन आठवडे कुणी कुणाशी नीट बोलत नाही. जरा येऊन जा." लोकांची धाकटी भांडणं मिटवण्यात आमची हयात गेली. दिल्लीला काम होतंच, गेलो.

जावईबापूंचं म्हणणं असं, की घ्यायची तर स्प्लेंडरच. तोच आवाज, तीच टाकी, तोच काळा रंग. हे मॉडेल १९९४ मध्ये आलं आणि त्याच नावाची गाडी आजही मिळते, त्यामुळे हट्ट अगदीच अवाजवी नव्हता. भाचीचं म्हणणं, की या रस्त्यावर मला आणि पोरीला मागे घेऊन जायचं तर ब्रेकचा विचार आधी करा, आवाजाचा नंतर.

त्या हट्टामागचं प्रेम मला कळत होतं. आमच्या पिढीने राजदूत आणि येझदी पाहिल्या. पेट्रोलबरोबर टाकीत ऑईल ओतायचं, धूर सोडत जायचं आणि महिनाअखेरीला पेट्रोलच्या खर्चाने डोळे पांढरे करायचे. त्यात ही चार फेऱ्यांची, फोर स्ट्रोक, १०० सीसीची गाडी आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली होती. पगारदार माणसाला ती अक्षरशः पटली. आप्पांसारख्या दिवाणजीला मोटारसायकल परवडू शकते हे या गाडीने पहिल्यांदा सिद्ध केलं. तिच्यावर जीव जडतो तो म्हणून. पण जीव जडलेल्या गाडीची नक्कल विकत घेता येत नाही. नवी स्प्लेंडर ही आप्पांची स्प्लेंडर नव्हेच. तिच्यात आता कार्बोरेटर नाही, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्याच गाड्यांत इंधन इंजेक्टरने जाऊ लागलं. थंडीत चोक ओढून, किक मारून, कान लावून ऐकत बसण्याचा तो सोहळा संपला. रस्त्याच्या कडेला जेट काढून फुंकर मारणारा मेकॅनिकही त्याच्याबरोबर गेला. म्हणून जावईबापूंना म्हटलं, "जुनीसारखी शोधू नका. या रस्त्याला काय लागतं ते बघा."

तो रस्ता आधी बघा. आयएमटीच्या फाटकांतून चोवीस तास ट्रेलर आत-बाहेर करतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पाळीला निघावं तर धुक्यात समोरच्या ट्रकचा मागचा दिवा हाच काय तो आधार. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पावसाळ्यात सर्व्हिस रोडवर किती खोल पाणी आहे हे पुढचा माणूस बुडेपर्यंत कळत नाही. अशा ठिकाणी ट्रकने अचानक ब्रेक मारला, की आपली गाडी चाक न घसरता थांबणं हाच पहिला गुण. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही सोय. १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान जोडब्रेक तरी द्यावा लागतो, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. हा फरक दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. तिथे रंग सांगतात, मोबाईल जोडता येतो ते सांगतात. रोजचं जाणं-येणं गल्लीतलं असेल तर शंभर सीसीची हलकी गाडी उत्तम आणि पेट्रोललाही किफायती. रोज हमरस्त्याला लागायचं, मागे बायको आणि मध्ये पोर (हेही खरं तर नियमात बसत नाही, पण तो वेगळा लेख होईल), तर माझं मत दीडशे सीसी आणि एबीएसच्या बाजूने आहे. गाडी वीस-तीस किलोंनी जड होते, लिटरमागे काही किलोमीटर कमी मिळतात. ते मिळू देत कमी.

गंमत म्हणजे दीडशे सीसीच्या शोधात आम्हाला लांब जावं लागलं नाही. होंडाने हीरोबरोबरची भागीदारी चालू असतानाच १९९९ मध्ये स्वतःची वेगळी कंपनी काढली, तिचा कारखाना इथेच मानेसरला. २००१ मध्ये तिथून पहिली निघाली ती अ‍ॅक्टिव्हा स्कूटर, आणि २००४ मध्ये पहिली मोटारसायकल, दीडशे सीसीची युनिकॉर्न. हे सांगितल्यावर जावईबापूंचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे मामा, घराणं तेच की!" म्हटलं, घराण्यावर जाऊ नका, आधी बसून बघा. पुण्याची, होसूरची, चेन्नईची, सगळ्यांची बघा.

बसून बघणं याला आपल्याकडे नवरोबा एकटे जातात, ही मोठी चूक. मागे जी बसणार ती बरोबर हवी. आम्ही भाचीला नेली, पंजाबी ड्रेसवर नाही, साडीवर. एका देखण्या गाडीची मागची सीट इतकी उंच आणि उतरती, की ती बसली ती घसरून नवऱ्याच्या पाठीवर आदळली. ती गाडी तिथेच बाद. मागच्याला धरायला दांडा, पाय ठेवायला पायटा आणि साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला निम्म्याच्या वर आच्छादन, हे मोटारवाहन नियमांतच आहे. जाळी दिसत नसेल तर मागून घ्या आणि तिचे वेगळे पैसे लावतात का ते विचारा. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी मागे ढकलून बघावी. कारखान्याच्या शेडमध्ये रोज तेच करायचं असतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विमा तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी, पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासून. पण तो दुकानदार म्हणेल त्याच कंपनीकडून घेण्याची सक्ती नाही. आणि नंबर कुठला घ्यायचा हे बदलीच्या नोकरीत फार महत्त्वाचं. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर कायद्याने तिथली नोंदणी करावी लागते. चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपनीतल्या माणसाला २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर मिळू शकतो, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. जावईबापूंच्या कंपनीच्या कचेऱ्या पाच राज्यांत निघाल्या. आजवर त्यांनी मोजल्याच नव्हत्या!

उरला खरा प्रश्न. जुनीचं काय? दुकानदाराने तिच्याकडे न बघताच एक आकडा सांगितला. तो ऐकून भाचीच उठून उभी राहिली. आत्तापर्यंत ब्रेकच्या बाजूने भांडणारी पोर म्हणाली, "ती विकायची नाही. आप्पांना कोण सांगणार?"

इथे राजधानी परिसरातल्या मराठी कुटुंबांनी नीट ऐकावं असं काहीतरी आहे. ज्यांची जुनी गाडी तिथल्याच नंबरची आहे, त्यांना ती ना-हरकत दाखला घेऊन परिसराबाहेर न्यावी लागते किंवा नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी लागते. केंद्रातून जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात राज्य देईल तेवढी सवलत. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर प्रमाणपत्र नाही, आणि गाडी कागदोपत्री आपल्याच नावावर राहते. आप्पांच्या गाडीचं तसं नाही. ती अजून सांगलीचीच आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. आप्पांनी २०११, २०१६, २०२१ अशी तीनदा वाढवलेली, आता २०२६ च्या दिवाळीत पुन्हा मुदत संपते. वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार झालं, त्यात कर वेगळा. तीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च? व्यवहाराने बघितलं तर नाहीच करू. पण आप्पा अजून रोज संध्याकाळी यार्डात चक्कर मारायला जातात, सध्या पायी, आणि गुडघे बोलू लागलेत. गल्लीतल्या दोन किलोमीटरला हाताखालची गाडी लागते, नवी नको असते. इथे तिचा उपयोग आहे, मानेसरला नाही.

जावईबापूंचा बेत तिच्यावर बसूनच सांगलीला जायचा होता. दीड हजार किलोमीटरहून जास्त! दिल्ली-मुंबईच्या नव्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, जुन्या रस्त्याने जायचं तर आधी परिसराची हद्द ओलांडायची, तीही बंदी असलेल्या गाडीवर. भाचीने नुसतं बघितलं. बेत रद्द झाला.

मग हजरत निजामुद्दीन स्टेशन. पार्सल कचेरीत नोंदणी पुस्तकाची प्रत, ओळखपत्र आणि रिकामी टाकी लागते. पेट्रोलचा थेंब राहिला तर घेत नाहीत. बाहेर गोणपाट आणि सुतळी घेऊन बसलेली माणसं अर्ध्या तासात गाडी बांधून देतात, आरशांना वेगळं गुंडाळतात. गोवा एक्स्प्रेस पुण्यावरून मिरजेला जाते, तिच्यात जागा मिळाली. भाचीने टाकीवरच्या जुन्या स्टिकरवर गोणपाटाचा आणखी एक थर घालायला सांगितला आणि आप्पांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "टाकी कोरडी केली का? गंज धरेल, मिरजेला उतरल्याबरोबर दोन लिटर घालायला हवं." हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं, जुन्या रबरी नळ्या खातं. त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत ते महिनोन्‌महिने राहू देऊ नका, असं मी मधेच फोन घेऊन सांगितलं. "ते मला माहीत आहे हो," आप्पा म्हणाले, "नळी मी कालच बदलायला आणून ठेवलीय."