माजघराची शोभा

गृहशोभेचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दिवाणखान्यापासून आरंभ होतो. सोफा कोणत्या भिंतीशी ठेवावा, पडदे फिके असावेत की गडद, यांवर घरातील कर्त्या मंडळींचा खल आठ-आठ दिवस चालतो. आणि ज्या माजघरात व स्वयंपाकघरात घरातील निम्मी माणसे आपला दिवस काढतात, त्यांची पाळी येईतो पैसा संपलेला असतो. हा क्रम उलटा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या खेपेस आम्ही वाशीम जिल्ह्यातील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहो; कारण वऱ्हाडचे ऊन आणि वऱ्हाडची काळी माती या दोघांना विचारल्यावाचून तेथे घर सजविता येत नाही.

जिल्हा म्हणून वाशीम अकोल्यापासून वेगळे झाले ते १९९८ साली, पण गाव फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले व तेथे लेख ठेविला. त्या लेखात लेण्याचे वर्णन करताना दारे, खिडक्या, चित्रे यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्याचाही उल्लेख आहे. चित्रे आणि टाके एकाच पंक्तीस बसविणारी ही रसिकता आम्हांस फार आवडते.

या भागातील जुने वाडे पाहा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढे ओसरी, मध्ये चौक, चौकापलीकडे माजघर. भिंत जाड म्हणून वैशाखातले ऊन आत पोचेपर्यंत दिवस कलतो. चौक मोकळा म्हणून रात्री कोंडलेली उष्णता वर निघून जाते. हे सारे खरे. परंतु या वाड्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. माजघरे अंधारी होती. चुलीचा धूर आणि अपुरा उजेड यांत कित्येक आज्यांचे डोळे गेले. म्हणून जुने तेवढे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. माजघराची पहिली शोभा म्हणजे उजेड. कौलारू छप्पर असेल तर दोन-तीन कौलांच्या जागी काचेची कौले बसवावीत. भिंतीत उंचावर, समोरासमोर, दोन झरोके काढवावेत. आणि भिंतींस दरसाल चुन्याची सफेदी द्यावी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढविण्याची जी हौस आली आहे, तिने भिंतीतली ओल आत कोंडते आणि चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. चुना भिंतीस श्वास घेऊ देतो.

ज्यांनी छप्पर काढून सिमेंटचा स्लॅब घातला, त्यांचे दुःख निराळे. पारा ४३-४४ अंशांवर गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्रभर खाली सोडतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे फाल्गुनातच गच्चीस चुन्याचा पांढरा थर देणे. अहमदाबादेत २०१७ साली वस्त्यांतील छपरांना असाच पांढरा लेप देण्याची मोहीम निघाली, ती याच कारणाने. आणि कूलर! वऱ्हाडात कूलर नाही असे घर आता विरळा; तथापि दारे-खिडक्या लावून तो चालविणारी मंडळी अजून आढळतात. ओली हवा बाहेर जाण्यास समोरची खिडकी उघडी नसेल, तर खोली गार होत नाही, नुसती दमट होते. त्याचे पाणी आठवड्यास एकदा उपसून टाकी कोरडी करावी, नाहीपेक्षा डासांची सोय होते.

काळ्या मातीविषयी एवढेच सांगतो. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतींच्या भेगा तिच्याबरोबर उघडतात-मिटतात. न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये, मोठे झाड भिंतीलगत लावू नये, आणि ऐन उन्हाळ्यात भेगा बुजवून लगेच रंग देण्याची घाई करू नये.

आता स्वयंपाकघर. ओटा किती उंच असावा, असे गवंड्यास विचारू नये. जी रोज त्यापाशी उभी राहणार तिला विचारावे. हात कोपरात दुमडून उभे राहिल्यावर कोपराच्या तीन-चार बोटे खाली ओट्याची कड यावी. सासूबाई ठेंगण्या आणि सूनबाई उंच असतील तर ओट्याचा एक भाग सहा बोटे खाली घ्यावा. खर्च फारसा वाढत नाही, कंबरदुखी मात्र वाचते. दिवा पाठीमागे टांगला की स्वतःची सावली विळीवर पडते. तो ओट्यासमोर हवा. भुईवर गुळगुळीत चकचकीत फरशी नको. ओल्या पायांनी वावरणाऱ्या वृद्ध माणसांसाठी साधी, किंचित खरखरीत शहाबादी लाखपटीने बरी. कोनाडे बुजवू नयेत. त्यांत मसाल्याचे डबे, समई, घड्याळ हे सारे बिनखर्चाने मांडता येते, आणि घासलेली पितळी भांडी उघड्या फळीवर जशी शोभतात तशी कोणतीही काचेची बाहुली शोभत नाही.

कारंज्याच्या काष्ठासंघ जैन मंदिरातील लाकडी कोरीव काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या मुलखातील सुतारांच्या हाताची योग्यता सांगणे नको. तसे नसले तरी साधे नक्षीचे खांब पुष्कळ वाड्यांत आहेत. ते रंगाखाली झाकू नयेत. तेलाचे बोट फिरवून स्वच्छ ठेवावेत.

एक नाजूक विषय राहिला. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा पहिली भिंत येते ती चौकात. दोन्ही घरांस आपापला अर्धा चौक मिळतो, आणि दोन्ही घरांची हवा जाते. पलीकडची माजघरे पुन्हा अंधारतात, आणि त्यांत कोंडतात त्या घरातल्या बायका, ज्यांस वाटणीच्या बैठकीत कोणी विचारलेलेच नसते. आमची विनंती अशी की, खोल्या वाटाव्यात, शेत वाटावे, भांडीही वाटावीत. परंतु चौक सामाईक राहील असे वाटणीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे, आणि त्या बैठकीस दोन्ही जावांस बोलवावे. तुळशीवृंदावनास पाणी कोणी घालावयाचे, हे त्या दोघी आपसांत ठरवतील.