थांबायचं कुणी?

मार्च महिना आपल्याकडे परीक्षांचा, वार्षिक हिशेबांचा आणि माळ्यावरचा माठ खाली काढण्याचा. त्याच महिन्यात तिकडे अलास्कात, उणे चाळीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत, कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची एक शर्यत निघते. तिचं नाव इडिटारॉड. अँकरेज शहरात वाजतगाजत तिचा समारंभ होतो आणि बेरिंग समुद्राच्या काठावरच्या नोम या गावात ती संपते. अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर. वाटेत डोंगररांगा, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी वाऱ्याने झोडपलेला किनारा.

गेली काही वर्षं मी या शर्यतीचा घरबसल्या पाठलाग करतो आहे. प्रत्येक गाडीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं एक यंत्र असतं आणि नकाशावर प्रत्येक संघाचा एकेक ठिपका सरकत असतो. सुरुवातीला मी इतरांसारखाच पुढे कोण आहे ते बघायचो. आता मात्र माझं लक्ष थांबलेल्या ठिपक्यांकडे जातं. या शर्यतीबद्दल जे काही म्हणायचं आहे, ते मला त्या थांबलेल्या ठिपक्यांवरून सुचलं.

आधी गाडी कशी चालते ते सांगायला हवं. हे कुत्रे 'अलास्कन हस्की' म्हणून ओळखले जातात. चित्रात दिसतात तसे ते केसाळ आणि दांडगे नसतात. वीस-पंचवीस किलोंचे, सडपातळ, लांब पायांचे आणि संकरित असतात. एका गाडीला चौदा-सोळा कुत्रे जोडीजोडीने जुंपलेले. मागे उभा राहून हाकणाऱ्याला 'मशर' म्हणतात. त्याच्या हातात लगाम नसतो. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. सगळा कारभार आवाजावर आणि सर्वांत पुढच्या कुत्र्याच्या अकलेवर. शर्यतीत एक कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरींहून जास्त अन्न खातो. आपल्या पाच माणसांच्या कुटुंबाचं दिवसभराचं जेवण म्हणा ना!

या कुत्र्यांचे माणसांवर उपकार आहेत. १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. ज्यांच्या घरातल्या थोरल्यांनी घटसर्प पाहिला असेल, त्यांना त्या शब्दाची दहशत ठाऊक असेल. गावात डॉक्टर एकच आणि त्यांच्याजवळचं प्रतिविष जुनं झालेलं. बंदर गोठलेलं. प्रतिविष रेल्वेने नेनाना गावापर्यंत आलं आणि तिथून पुढचं हजार किलोमीटरांहून जास्त अंतर वीस मशरांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी आळीपाळीने साडेपाच दिवसांत कापलं. २ फेब्रुवारीला औषध नोमला पोचलं. शेवटच्या टप्प्यात बाल्टो नावाचा कुत्रा पुढे होता, म्हणून जगभर त्याचं नाव झालं. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र लिओनार्ड सेप्पाला यांच्या बारा वर्षांच्या टोगोने काढला होता.

माणसाने या उपकारांची फेड कशी केली? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी उभा राहिला. पण जिवंत बाल्टो आणि त्याचे सोबती दोन वर्षांत लॉस एंजेलिसमधल्या एका तमाशेवजा संग्रहालयात पैसे देऊन बघण्याची वस्तू होऊन पडले होते, तेही हलाखीत. १९२७ मध्ये क्लीव्हलंडच्या लोकांनी, त्यात शाळकरी पोरांनी नाणी गोळा करून, त्यांना सोडवून आणलं. कुत्र्याचं कौतुक करणं आणि कुत्र्याची काळजी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढे १९६० च्या दशकात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी मोटरगाडी आली आणि गावोगावचे कुत्रे दिसेनासे होऊ लागले. जो रेडिंग्टन नावाच्या गृहस्थांना याची हळहळ वाटली. कुत्रे टिकावेत आणि जुनी वाट बुजू नये, म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन १९७३ मध्ये अँकरेज ते नोम ही शर्यत भरवली. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले आणि सर्वांत शेवटच्या मशरला बत्तीस. २०१७ मध्ये, बर्फाअभावी फेअरबँक्सहून सुरुवात झालेल्या सपाट मार्गावर, मिच सीव्ही यांनी हेच काम आठ दिवस आणि साडेतीन तासांच्या थोडं वर एवढ्या वेळात केलं. एकदा तर, १९७८ साली, दोन संघ नोमच्या रस्त्यावर बरोबरीने धावत आले आणि डिक मॅकी एका सेकंदाने जिंकले. निकाल कुत्र्याच्या नाकावरून लागला! गोष्ट सांगायला मोठी मजेची आहे. पण कुत्रे वाचवण्यासाठी सुरू झालेली शर्यत घड्याळाच्या मागे धावू लागली, तिथेच वादाला तोंड फुटलं.

प्राणिमित्र संघटनांचं म्हणणं असं, की ही सरळसरळ क्रूरता आहे. सुरुवातीपासून दीडशेहून अधिक कुत्रे मेल्याचं त्या सांगतात. वर्षभर कुत्र्यांना साखळीने बांधून ठेवण्यावरही त्यांचा आक्षेप आहे. त्यांच्या दबावाचा परिणामही झाला. अलास्का एअरलाइन्सने २०२० मध्ये आणि एक्झॉनमोबिलने २०२१ मध्ये आपलं प्रायोजकत्व आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्रे मेले आणि वाद पुन्हा उफाळला. मशरांचं उत्तर एका वाक्याचं असतं: "यांना धावायला आवडतं."

आणि यात खोटं काहीच नाही. निघण्याच्या वेळी हे कुत्रे जागच्या जागी उड्या मारतात, भुंकून आकाश डोक्यावर घेतात, गाडी दोरांनी जखडून ठेवावी लागते. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक मायकेल डेव्हिस यांनी या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांचं शरीर श्रमाशी असं काही जुळवून घेतं, की स्नायूंमधला साखरेचा साठा पुढे पहिल्यासारखा झपाट्याने संपत नाही, असं त्यांना आढळलं. माणसाला न जमणारी ही किमया आहे.

पण त्याच डेव्हिस यांच्या चमूने शर्यत संपवलेल्या कुत्र्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या कुत्र्यांच्या जठरात व्रण किंवा झिजेच्या खुणा निघाल्या. वरून पाहता ते ठणठणीत होते. पुढे आम्लता कमी करणारी औषधं देण्याची पद्धत पडली, हे चांगलंच झालं. पण या कुत्र्यांचं खरं दुखणं मला यातच दिसतं. पोटात व्रण असतानाही ते शेपूट हलवत धावत होते. आवड हा तब्येतीचा दाखला नव्हे. आपल्या घरातलं पोर तापाने फणफणलेलं असतानाही खेळायला जायचा हट्ट धरतं. त्याला आवडतं म्हणून आपण त्याला सोडतो का?

'त्यांना आवडतं' या उत्तराने माणसाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. जो जीव आपणहून थांबत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी थांबायला हवं. लगाम नसलेल्या त्या गाडीवर हे एकच काम पूर्णपणे माणसाचं असतं.

चांगले मशर हे जाणतात. मुक्कामाला पोचल्यावर मशर स्वतः शेकोटीकडे धावत नाही. आधी कुत्र्यांखाली पेंढा पसरायचा, पायांतले कापडी मोजे काढायचे, बर्फ वितळवून पाणी आणि खाणं तयार करायचं, एकेक पंजा बघून मलम चोळायचं. मग वेळ उरला तर स्वतः तासभर डोळा लावायचा. पशुवैद्यकांच्या नोंदींची वही प्रत्येक गाडीत असावीच लागते. दमलेला किंवा लंगडणारा कुत्रा वाटेतल्या ठाण्यावर सोडता येतो. स्वयंसेवक वैमानिक छोट्या विमानांतून अशा कुत्र्यांना परत आणतात. अनेक वर्षं ईगल रिव्हर इथल्या तुरुंगातल्या कैदी स्त्रिया या माघारी आलेल्या कुत्र्यांची देखभाल करत. मला या शर्यतीतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ती विजयाच्या छायाचित्रात कुठेच नसते.

म्हणून शर्यत बंद करा, असं मी म्हणणार नाही. ती बंद झाली तर गावोगावचे उरलेसुरले कुत्रेही जातील आणि कुत्र्याचं मन वाचण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्याही जाईल. पण आहे तशी चालू द्या, असंही म्हणवत नाही. आज नियमाने सक्तीची विश्रांती तीनदा आहे: एकदा चोवीस तास आणि दोनदा आठ-आठ तास. ती वाढवावी. विक्रम मोडले नाहीत तर कुणाचं काय बिघडणार आहे? कुत्र्यांची उत्तम निगा राखणाऱ्या मशरला पशुवैद्यकांच्या निवडीने सेप्पाला यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. तो पुरस्कार पहिल्या क्रमांकाच्या तोडीचा मानला जावा. कुत्रा दगावला, तर हाताबाहेरची कारणं वगळता, त्या संघाला बाद व्हावं लागतं, हा नियम कडकपणे पाळला जावा. ज्या मशरने कुत्रे ठाण्यावर सोडले, त्याचा संघ दुबळा होता असं मानणाऱ्या आपल्यासारख्या दुरून बघणाऱ्यांनीही आपली दृष्टी तपासावी.

नोममध्ये एक जुनी रीत अजून पाळतात. पूर्वी कुत्र्यांच्या गाड्यांतून टपाल आणि माल जायचा, तेव्हा एखादा गाडीवाला वाटेत आहे असं कळलं की धर्मशाळेबाहेर कंदील लावून ठेवत. तो सुखरूप येईपर्यंत कंदील विझवायचा नाही. शर्यतीतही अंतिम रेषेच्या कमानीवर असा कंदील लावतात. विजेता येतो, बक्षीस घेतो, वार्ताहर पांगतात, तरी तो जळतच असतो. कित्येक दिवसांनी शेवटचा मशर आपल्या उरलेल्या कुत्र्यांसह पोचतो आणि तोच तो विझवतो. शर्यत संपली असं तेव्हा म्हणतात. त्या शेवटच्या संघातला प्रत्येक कुत्रा धडधाकट घरी जावा, इतपत हळू शर्यत पळायला माणसांची हरकत नसावी.